गांजा, एमडी, इंजेक्शन: नशेचा फायदा-तोटा मोजायचा, की विषयच काढायचा नाही?

पांढरारस्सा:
कोल्हापुरात आमच्या कॉलनीत परवा व्यसनमुक्तीवर व्याख्यान झालं. वक्त्यांनी गांजा, हेरॉइन, एमडी, झोपेच्या गोळ्या सगळं एकाच पोत्यात भरलं आणि "एकदा हात लावला की माणूस संपला" म्हणून मोकळे झाले. मागच्या रांगेतली पोरं खुदुखुदू हसत होती. हसणारच. पन्हाळ्याला जाऊन रात्री ओढलेला आणि सोमवारी प्रॅक्टिकलला हजर असलेला मित्र प्रत्येकाच्या ओळखीत आहे. एक गोष्ट खोटी निघाली की पुढची खरी गोष्टही पोरं ऐकत नाहीत.

माझं मत असं की आधी फायदा कबूल करा. मजा येते, ताण उतरतो, गाणं वेगळं ऐकू येतं, म्हणून लोक घेतात. मग धोका पदार्थागणिक वेगळा मोजा. २०१० साली ब्रिटनच्या डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २० पदार्थांना गुण दिले. घेणाऱ्याचं आणि इतरांचं नुकसान धरून १०० पैकी दारू ७२, हेरॉइन ५५, गांजा २०. आणि आपल्याकडं गटारीला ७२ वाल्याचा टेम्पो भरून जातो, त्यावर व्याख्यान नाही. इंग्रजांच्या १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशननंही भांग-गांजाच्या माफक सेवनानं फारसं बिघडत नाही असाच निष्कर्ष काढला होता.

तालमीतला:
भावा, तुझा तक्ता इंग्लंडचा. हितं पोरं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन टोचून घ्यायलीत. त्या २० मध्ये हाय का ते?

पांढरारस्सा:
नाही. पण मेफेड्रोन, म्हणजे आपलं एमडी, आहे. १३ गुण.

तालमीतला:
म्हंजे एमडी गांजापेक्षा बरं? बघ, झालं का तुझ्या तक्त्याचं! अरे, दारू पिणारी लाखानं, म्हणून इतरांचं नुकसान जास्त, म्हणून गुण जास्त. आणि २०१० ला एमडी तिकडं नवंच होतं. ते गुण त्या वेळच्या त्यांच्या देशाचे. एका पोरानं एक पुडी घेतली तर त्याचं काय हुईल, ते त्यात कुठं लिवलंय?

काउंटरच्या_अलीकडं:
माझं मेडिकल दुकान आहे, लक्ष्मीपुरीच्या बाजूला. तालमीतला म्हणतोय त्यावर लिहितो, कारण गांजावर वाद घालायला सगळे येतात आणि इंजेक्शनचं कुणी बोलत नाही.

हे औषध ऑपरेशनच्या टेबलावरचं. भूल दिल्यावर बीपी खाली आलं तर डॉक्टर देतात. चांगल्या तब्येतीच्या पोरानं घेतलं की बीपी आणि ठोके वर जातात, दम लागत नाही, थकवा कळत नाही. हाच त्यांचा 'फायदा', आणि तो खोटा नाही. पण थकवा न कळणं म्हणजे छाती "थांब" म्हणतेय ते न कळणं. काही दिवसांनी तेवढ्यानं भागत नाही, मग मात्रा वाढते, झोप उडते, चिडचिड आणि संशय सुरू होतो.

गिऱ्हाईक कसं येतं सांगू? टी-शर्ट दंडाला ताणलेला, मोबाइलवर बाटलीचा फोटो. "वडिलांना पायजे." कुठल्या दवाखान्यात आहेत? "घरीच हायत." बीपीची कुठली गोळी चालू आहे? गप्प. चिठ्ठी आण म्हटलं की "बघतो" म्हणून गाडीला किक. मी दिलं नाही म्हणून त्याचं अडत नाही, कुरिअरनं मागवणारे आहेत. आणि बाटली चौघांत एक, सुईपण कधी कधी एकच. कावीळ बी, सी, एचआयव्ही हे सगळं त्या सुईतून येतं.

कागलकर:
तालमीत थंडाईत खसखस घालतात, ती पण अफूचीच की. मग वस्ताद पण आत? 😀

काउंटरच्या_अलीकडं:
त्याच बोंडातली, पण बियांना नशा नाही. खुशाल घोटा.

सई_राजारामपुरी:
फायदा-तोटा मोजणाऱ्यांना एक विचारते. फायदा कुणाचा आणि तोटा कुणाच्या खात्यावर? माझा मावसभाऊ अकरावीपासून रोज ओढायचा. विशीत त्याला आवाज ऐकू यायला लागले. मे महिन्यात मावशीच्या घरात पंखा बंद, कारण पंख्यातून शेजारी त्याच्याबद्दल बोलतात. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, फक्त गांजामुळं झालं असं म्हणता येणार नाही, घराण्यातही कल असू शकतो. पण लहान वयात सुरुवात, रोजचं ओढणं आणि कडक माल असेल तर हा धोका वाढतो. मजा त्यानं एकट्यानं घेतली, जागरण घरातल्या चौघांना. तुमच्या कमिशनच्या काळातला माल आणि आजचा माल एकच आहे का?

पांढरारस्सा:
नाही, आजचा बराच कडक आहे, मान्य. पण म्हणूनच म्हणतो, बंदी असली की पुडीत काय आहे ते कळतच नाही. कॅनडानं ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर केला, तिथं पाकिटावर टीएचसीचं, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचं, प्रमाण छापतात. पोर्तुगालनं २००१ मध्ये स्वतःपुरतं बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं, पोरं कोर्टाऐवजी समितीपुढं जातात.

वकिली_कट्टा:
कॅनडा राहू द्या, शाहूपुरीत काय होतं ते बघा. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजाचं 'अल्प प्रमाण' १ किलोपर्यंत. पोरांना वाटतं अल्प म्हणजे माफ. माफ नाही, १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. एमडीचं अल्प प्रमाण फक्त २ ग्रॅम, आणि ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी प्रमाणाचं कलम लागतं, म्हणजे किमान १० वर्षं. "मित्रासाठी आणलं होतं" हा बचाव नसतो, उलट फास असतो. पासपोर्ट आणि सरकारी नोकरीच्या पोलीस पडताळणीला केस आडवी येते ती वेगळीच. दुसरी बाजूही सांगतो: व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर कलम ६४अ खाली सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. हे एकाही व्याख्यानात सांगत नाहीत.

(बाकी दारू प्यायलाही महाराष्ट्रात परवाना लागतो. गटारीच्या टेम्पोत किती जणांच्या खिशात असतो ते विचारू नका.)

तालमीतला:
पाकिटावर छापून काय हुतंय? नोव्हेंबर २०२१ ला मुंबई पोलिसांनी आपल्या चंदगडात, ढोलगरवाडीत एमडीचा कारखाना धरला. सापांच्या शाळेचं गाव ते! त्या मालावर कोण छापणार? तुझा कॅनडा येईस्तोवर हितलं पोरगं हातचं जातंय.

सई_राजारामपुरी:
मी शिक्षेच्या बाजूची नाही. भावाला आत टाकून काय मिळालं असतं? त्याला उपचारच हवे होते. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, ती मावशीला फार उशिरा कळली. पण पांढरारस्सा, तुझा पुतण्या १६ वर्षांचा आहे ना? त्यानं विचारलं तर तू काय सांगणार? "हिशोब मांड"?

पांढरारस्सा:
सांगणार की मजा येते, खोटं नाही. पण पंचविशीपर्यंत मेंदू घडत असतो, तोवर नको. घरात कुणाला मानसिक आजार असेल तर कधीच नको. इंजेक्शन आणि एमडी कुठल्याच वयात नको. ओढून गाडीला हात लावायचा नाही. आणि काही बिघडलं तर रात्री दोनला पण मला फोन कर, मी ओरडणार नाही.

तालमीतला:
"मजा येते" ऐकलं की पोरगं उठलं बघ. पुढचं सगळं तू भिंतीला सांगणार. मी आपला "नको" म्हणणार आणि सकाळी पाचला मेहनतीला बोलवणार.

काउंटरच्या_अलीकडं:
पाचला बोलवतोस ते झकास. पण इंजेक्शनवाली पण पाचलाच येतात रे तालमीत. दंडावर आणि हातावर टोचल्याच्या खुणा बघत जा.