बुरशीचा थर मिसळून घालू नका
वरचा बुरशी आलेला थर चांगल्या मुरघासात (हवाबंद खड्ड्यात मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यात) मिसळला तर चालेल का, असं विचारलंय. नाही. मिसळल्याने बुरशीचं विष जात नाही. गाय चारा सोडते, दूध कमी होतं. काळपट, चिकट भागात लिस्टेरिया या रोगजंतूचीही भीती, गाभण गाय गाभडू शकते. तो थर सरळ उकिरड्यावर.

मक्याच्या चांगल्या मुरघासाचा पीएच (आंबटपणाचं माप) 3.8 ते 4.2, वास आंबूस. हात धुतला तरी न जाणारा, खवट लोण्यासारखा वास म्हणजे ब्युटिरिक आम्ल, म्हणजे मुरघास नीट मुरला नाही. नुकत्याच व्यायलेल्या गाईला हा मुरघास अजिबात नको, किटोसिसचा (रक्तात किटोन वाढण्याच्या आजाराचा) धोका वाढतो. या वासाचं मूळ बहुतेकदा ओल्या मक्यात असतं: भरताना मुठीत दाबलेल्या कुट्टीतून पाणी गळलं, तर कापणी लवकर झाली. खड्डा उघडल्यावर रोज पूर्ण तोंडावरून (उघड्या बाजूवरून) किमान 15 सेंमी काढा. आत हात घातल्यावर गरम लागलं तर हवा शिरतेय.