बिडी ओढणाऱ्या बाबांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या द्यायच्या की नाही?

मानेवाड्याची_थोरली
बाबा ६१ वर्षांचे. मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, आता भाऊ पाहतो. बिडी विसाव्या वर्षापासून. आधी दिवसाला एक कट्टा, आता अर्धा. मागच्या महिन्यात मावसाजींनी कुठूनशा दोन डब्या आणल्या. एकीवर मोठ्या अक्षरात ‘फुफ्फुसांचं कवच’, मागे बारीक अक्षरात बीटा-कॅरोटीन १५ मि.ग्रॅ., रोज दोन कॅप्सूल. दुसरीत हळदीचा अर्क आणि मिरे. डब्या देवघराच्या फळीवर कुंकवाच्या करंड्याशेजारी बसल्या आहेत. बाबा खूश! म्हणतात, “गोळी चालू आहे ना, मग बिडीचं काय टेन्शन?” वनस्पतीतलंच आहे, तर नुकसान नसेल ना? आणि भाजी-फळांनी फुफ्फुसाचा कॅन्सर टळतो म्हणतात, ते कितपत खरं?

बर्डीचा_गोळीवाला
ताई, पहिली डबी आजच उचला. २६ वर्षं काउंटरवर आहे जी, अशा डब्या मीही विकल्या आहेत, म्हणून लाजून लिहून राहिलो.

गोष्ट अशी. गाजर, पालक, पपई भरपूर खाणाऱ्यांत हा कॅन्सर कमी दिसायचा. मग वाटलं, त्यातलं बीटा-कॅरोटीनच (ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं ते) गोळीत भरू. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, रोज २० मि.ग्रॅ. १९९४ ला निकाल आला तर गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! अमेरिकेत धूम्रपान करणारे, सोडलेले आणि अॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले अशा १८ हजारांवर लोकांपैकी साधारण निम्म्यांना ३० मि.ग्रॅ. आणि जोडीला व्हिटॅमिन ए दिलं. तिथे २८ टक्के जास्त. जानेवारी १९९६ मध्ये ठरल्या वेळेच्या २१ महिने आधी गोळ्या थांबवल्या. तुमच्या बाबांच्या दोन कॅप्सूल म्हणजे बरोबर तेच ३० मि.ग्रॅ.

असं का? अंदाज असा, की धुराने भरलेल्या फुफ्फुसात एवढं बीटा-कॅरोटीन साचलं की ते तुटतं आणि त्याचे तुकडेच पेशींना त्रास देतात. मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट प्राण्यांना धूर आणि जादा डोस एकत्र दिला, तर फुफ्फुसाच्या पेशी बिघडलेल्या दिसल्या. गाजर खाऊ द्या बिनधास्त. एका मध्यम गाजरात साधारण ५ मि.ग्रॅ. असतं आणि त्यातलं थोडंच अंगी लागतं.

हळद वरण-भाजीत ठीक. अर्काचं वेगळं आहे. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं म्हणूनच मिरे घालतात, पण मिऱ्याने बाकीच्या औषधांचंही शोषण बदलू शकतं. अशा अर्कांनी लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदल्या गेल्या आहेत. बाबांना बीपीची गोळी असेल तर डॉक्टरांना डबी दाखवाच.

तर्रीपोहेवाली
गोबी, मुळा, मोहरीची भाजी यांच्याबद्दल संशोधक खरंच आशा धरून आहेत. गोबीतला सल्फोराफेन नावाचा घटक शरीराची विष काढून टाकणारी एन्झाइम्स जागी करतो. पण तो भाजीत तयार नसतो, चिरल्यावर बनतो, आणि बनवणारं एन्झाइम शिजवताना मरतं. आमच्याकडे पत्तागोबी चिरून अर्धा तास तशीच ठेवते, मग फोडणी. बाजूला कच्च्या मुळ्याची कोशिंबीर. गोबीने कॅन्सर टळेल असं कोणी सांगितलं तर मात्र मीही हसेन.

एक सांगते. माझ्या मिस्टरांना फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी एर्लोटिनिब नावाचं औषध चालू झालं, तेव्हा डॉक्टरांनी ग्रेपफ्रूट (संत्र्याच्या जातीचं मोठं फळ) बंद केलं. त्याने औषध रक्तात वाढतं. मी घाबरून घरातली संत्र्याची अख्खी पेटी शेजाऱ्यांना वाटली! नंतर कळलं, आपलं संत्रं वेगळं, तिथे ही अडचण नाही. शेजारी अजून आठवण काढतात.

बर्डीचा_गोळीवाला
आणि ताई, बिडी. सोडल्यावर दहा वर्षांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या साधारण निम्म्यावर येतो, एवढं माझ्या दुकानातली कुठलीच बाटली करत नाही. बिडी-तंबाखू सोडायला सरकारचा फुकट नंबर आहे, १८००-११-२३५६. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात असतील तर तेही सांगा.

मानेवाड्याची_थोरली
खर्रा नाही, नशीब. दोन्ही डब्या काढल्या. बाबा रुसले, “मग मी बिडी कशाच्या भरवशावर ओढू?” आई हसून हसून खाली बसली. काल मुळ्याची कोशिंबीर केली, तर म्हणाले मीठ जास्त आहे. नंबर लावून फोन हातात दिला. दोन मिनिटं बोलले, मग मला बाहेर जा म्हणाले. दार लावून आणखी वीस मिनिटं. मावसाजींना डब्या परत कशा द्यायच्या, तेवढं कोणी सांगा.