मदत हवी आहे: कांदाच नसलेला जंगली कांदा ओळखायचा कसा?

सीनेट (SEINet) या वनस्पती-नोंदींच्या ऑनलाइन पोर्टलवर ॲरिझोनातल्या जंगली कांद्यांच्या हर्बेरियम नोंदी, म्हणजे वाळवून कागदी शीटवर जपलेल्या नमुन्यांच्या नोंदी, तपासतेय. ॲलियम मॅक्रोपेटॅलम की ॲलियम बिगेलोव्हाय, या दोन प्रजातींपैकी कोणती, इथे अडलंय. मॅक्रोपेटॅलमच्या कांद्यावर तंतूंचं जाळीदार आवरण असतं, बिगेलोव्हायच्या आवरणात तंतू नसतात. कांदा दिसला की प्रश्न मिटतो. पण काही जुन्या शीटवर झाड जमिनीलगत तोडलेलं, खाली नुसता दांडा! फुलं आहेत, पण वाळल्यावर रंगाचा भरवसा नाही. लेबलवर फक्त काउंटी आणि तारीख. त्याच संग्राहकाचे, त्याच क्रमांकाचे इतर हर्बेरियममधले नमुनेही पाहिले, तेही बिनकांद्याचे. शीट मागवणं शक्य नाही, हाताशी स्कॅनच आहेत. अंदाजाने नाव टाकलं तर प्रसाराचा नकाशाच चुकेल, ते अजिबात नको. स्कॅनमध्ये स्पष्ट दिसेल असं फुलाचं किंवा पानाचं कोणतं लक्षण धरू, की नुसतं ‘ॲलियम’ हे वंशाचं नाव लिहून प्रजाती मोकळी ठेवू?