मदत हवी आहे : लिस्टेरिया या जिवाणूचे दोन स्ट्रेन (उपप्रकार), 4 अंशांवर इतका फरक खरा की पद्धतीतली चूक?

पनीर_क्यूसी :
व्हॅक्युम पॅक पनीरची चॅलेंज टेस्ट (मुद्दाम जिवाणू घालून ते वाढतात का ते पाहणं) लावली आहे. पीएच 5.8, मीठ नाही, पाकीट 100 ग्रॅमचं, साठवण 4 अंश सेल्सिअसला. स्ट्रेन ‘अ’ म्हणजे एटीसीसी या कल्चर संग्रहातला 19115 (सिरोटाइप, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरून ठरणारा गट, 4बी), ‘ब’ प्लांटमधल्या ड्रेनच्या स्वॅबमधून मिळालेला, सिरोटाइप 1/2ए. दोन्ही लिस्टेरिया मोनोसायटोजेनिसच. 37 अंशांवर बीएचआय ब्रॉथमध्ये (पोषक द्रवात) दोघांचे आलेख एकावर एक बसतात. पनीरमध्ये मात्र दहाव्या दिवशी ‘अ’ जागचा हललेला नाही, ‘ब’ दीड लॉग (सुमारे तीसपट; एक लॉग म्हणजे दहापट) चढलाय. इनॉक्युलम (पनीरमध्ये घालायचे जिवाणू) 37 अंशांवर रात्रभर वाढवलेलं, सलाइनमध्ये पातळ करून ग्रॅमला साधारण 100 पेशी. मोजणी ऑक्सफर्ड अगरवर (इतर जिवाणूंना रोखून लिस्टेरिया वाढू देणारं माध्यम), 1:10 डायल्युशनमधून 0.1 मिली. फरक स्ट्रेनचा धरू का? रिपोर्टला फक्त ‘ब’ चालेल?

प्लेटकाउंट :
आधी मोजणी बघा. ग्रॅमला 100 पेशी, 1:10 डायल्युशन, त्यातले 0.1 मिली, म्हणजे प्लेटवर पनीर आलं फक्त 0.01 ग्रॅम. कॉलनी अपेक्षित एक! त्या एकाच्या जागी शून्य किंवा तीन आले तरी त्याला अर्थ नाही, आणि तुमचा शून्य दिवसाचा आकडा त्यावरच उभा आहे. पहिल्या डायल्युशनचे पूर्ण 1 मिली तीन प्लेटवर वाटून पसरा. दहाएक कॉलन्या तरी हाती लागतील.

दुसरं, ऑक्सफर्डमधलं लिथियम क्लोराइड आणि अँटिबायोटिक्स जखमी पेशींना उठू देत नाहीत. 37 मधून थेट 4 अंशांत गेलेल्या पेशी जिवंत असूनही दिसत नाहीत असं होतं. ऑक्सफर्डच्या प्लेटवर टीएसए या साध्या पोषक अगरचा पातळ थर ओतून त्यावर पसरा. पहिल्या काही तासांत पेशी सावरतात, तोवर खालचे घटक हळूहळू वर झिरपतात. एकदा साध्या आणि थर दिलेल्या प्लेटवर ‘अ’ शेजारी शेजारी मोजा. थरवाल्यावर आकडा बराच जास्त आला तर ‘अ’ वाढत नव्हता असं म्हणण्यात अर्थ नाही.

लॅगफेज :
वरचं बरोबर, पण मला खरी गोम इनॉक्युलमच्या तापमानात दिसते. थंडीत वाढायला या जिवाणूला पेशीचा पडदा बदलावा लागतो. अँटीआयसो सी15:0 या फॅटी आम्लाचं प्रमाण वाढवून तो पडदा प्रवाही ठेवतो. शिवाय बाहेरून ग्लायसिन बिटेन आणि कार्निटिन ओढून घेतो, कोल्ड शॉक प्रथिनं बनवतो. ही तयारी होईपर्यंतचा काळ म्हणजे लॅग, आणि स्ट्रेन-स्ट्रेनमधला फरक बहुतेकदा तिथेच मोठा दिसतो. म्हणून दोन्ही कल्चर आधी 7 अंशांवर वाढवा: रात्रभरच्या कल्चरमधलं 1 मिली, 100 मिली ताज्या बीएचआयमध्ये. पाच-सात दिवस लागतील, पण कॅलेंडर बघून नव्हे, ओडी (कल्चरचा गढूळपणा) स्थिरावल्यावरच काढा. प्रत्येक कल्चरची मोजणी वेगळी. सलाइनही थंडच वापरा, आणि पाकिटात 1 मिलीपेक्षा जास्त टाकू नका, नाहीतर पनीरचा ओलावाच बदलेल.

एवढं करूनही फरक उरला तर तो स्ट्रेनचा. तसा तो असतोच. 2017 मध्ये 166 स्ट्रेनची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात इनएलए (माणसाच्या आतड्याच्या पेशीत शिरायला लागणारं) जनुक अखंड असलेले स्ट्रेन, ते अर्धवट तुटलेल्यांपेक्षा थंडीत सरस निघाले. पण थंडीत सरस म्हणजे मिठात, आम्लातही सरस असं गृहीत धरू नका. एसएसआय-1 हे पाच जनुकांचं बेट आम्ल आणि मिठात मदत करतं, पण ते सगळ्यांकडे नसतं. एसटी121 या जनुकीय गटाकडे त्याऐवजी एसएसआय-2 असतं, ते अल्कली आणि ऑक्सिडेटिव्ह ताणासाठी. क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम) सॅनिटायझर सोसणारं क्यूएसीएच जनुकही याच गटात वारंवार सापडतं. ड्रेनमधले स्ट्रेन चिवट निघतात ते बरेचदा यामुळे. गंमत म्हणजे इनएलए तुटका असल्याने हेच माणसाला आजारी करण्यात मागे. उलट दक्षिण आफ्रिकेत 2017-18 मध्ये पोलोनी या सॉसेजमधून हजारावर रुग्ण झाले तो वेगळाच गट, एसटी6.

पनीर_क्यूसी :
म्हणजे एकट्या ‘ब’वर रिपोर्ट नको?

लॅगफेज :
नको. तीन ते पाच स्ट्रेन सम प्रमाणात मिसळा. ‘ब’ ठेवाच, सोबत 4बी आणि 1/2बी असू द्या. भारतीय अन्नातले स्ट्रेन हवे असतील तर जुन्या गोव्यात आयसीएआरकडे (भारतीय कृषी संशोधन परिषद) इंडियन लिस्टेरिया कल्चर कलेक्शन आहे, तिथे विचारा. तीन वेगळ्या बॅच घ्या. शेवटचा आणि शून्य दिवसाचा फरक 0.5 लॉगपेक्षा जास्त आला की पनीर वाढीला पोषक धरायचं. 4 अंशांसोबत 8 अंशांचा संचही लावा, दुकानातला फ्रीज 4 वर नसतो. काम बीएसएल-2 (जैवसुरक्षेचा दुसरा स्तर) प्रयोगशाळेमध्ये, आणि गरोदर सहकाऱ्यांना या कल्चरपासून लांब ठेवा.

प्लेटकाउंट :
बिनइनॉक्युलमची पाकिटंही 25 ग्रॅम घेऊन तपासा. ड्रेनमध्ये ‘ब’ आहे तर पनीरमध्ये आधीच नाही हे कशावरून?