परदेशी गॅलरीने मुंबईत शाखा काढली तर आपल्या चित्रकारांना काय मिळेल?

रंगपेटी (ठाणे)
कुलाबा आणि काळा घोडा परिसरात गॅलऱ्या झपाट्याने वाढताहेत. कोलकात्याची एक्सपेरिमेंटर २०२२ मध्ये कुलाब्यात आली, दिल्लीची नेचर मोर्त धनराज महालात आली. २०२३ पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर आर्ट मुंबई हा कलामेळा भरतोय. लंडन-न्यूयॉर्कच्या बड्या गॅलऱ्या मात्र भारतात मेळ्यापुरत्याच येतात. चार दिवस स्टॉल लावायचा आणि पेट्या बांधून परत जायचं. त्यांतल्या एखादीने मुंबईत कायमची जागा घ्यावी आणि आपण तिचं मनापासून स्वागत करावं, असं माझं मत आहे.

कारण सांगतो. जहांगीर आर्ट गॅलरीवर माझा जीव आहे. १९५२ पासून तिने जेवढ्या चित्रकारांना भिंत दिली तेवढी कुणी दिली नसेल. पण ती भाड्याची जागा आहे. तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबायचं, मग फ्रेमिंग, टेम्पो, ब्रोशर, भाडं सगळं पदरचं घालायचं, आणि मिळतो एक आठवडा. शेवटच्या संध्याकाळी चित्रं उतरली की तुमची आठवण ठेवणारं कुणी नसतं. याउलट चित्रकाराला आपला मानून चालणारी गॅलरी विक्रीतला साधारण अर्धा वाटा घेते, पण त्याच्या कामाची नोंद ठेवते, कॅटलॉग काढते, वीस वर्षं संग्रहालयांचे दरवाजे ठोठावते. अशा गॅलऱ्या मुंबईत आहेत, पण त्या किती जणांना पुरणार? नागपुरात जन्मलेले, गिरगावच्या चाळीत वाढलेले चित्रकार गायतोंडे २००१ मध्ये गेले. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं २०१४ ला. ही तेरा वर्षं मला टोचतात.

गिरगावची खिडकी
गायतोंडेंचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. त्यांना मुंबईच्या पंडोल गॅलरीने धरून ठेवलं होतं, तेही त्या चित्रांना आजचा भाव नव्हता तेव्हा.

परदेशी माणसांचं ऋण मी नाकारत नाही. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे हे कलाकार प्रोग्रेसिव्ह ग्रुप म्हणून एकत्र आले, तेव्हा त्यांच्या पाठीशी कोण होतं? युरोपातून हिटलरमुळे बाहेर पडलेली माणसं. लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियामध्ये कलासंचालक होते, लायडन समीक्षा लिहायचे, श्लेसिंगर चित्रं विकत घ्यायचे. पण त्यांचं बिऱ्हाड इथे होतं! लँगहॅमरांच्या घरी पोरं येऊन बसायची, चित्रं दाखवायची, वाद घालायची. केकू गांधींच्या केमोल्डची सुरुवातही फ्रेमा बनवण्यापासून झाली. १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी निघाली, तोवर चित्रकारांशी त्यांचा घरोबा झाला होता.

शाखा ही वेगळी गोष्ट आहे. क्रिस्टीज या परदेशी लिलावसंस्थेने २०१३ मध्ये मुंबईत लिलाव सुरू केले, गाजावाजा झाला, आणि २०१६ नंतर ते बंद. आपल्या बोधी आर्ट गॅलरीने सिंगापूर, न्यूयॉर्क, बर्लिनपर्यंत मजल मारली होती. २००८ च्या मंदीत तीही गेली. शाखेचा निर्णय मुख्यालयाचा ताळेबंद बघून होतो. तुमचा चित्रकार तेव्हा कुठे जाणार?

दुबईकर मराठी
इथे अल कूझ नावाचा गोदामांचा भाग आहे. एका स्थानिक कुटुंबाने २००८ च्या सुमारास आपली गोदामं गॅलऱ्यांसाठी राखली. तेच अलसरकल अव्हेन्यू. पुढे शेजारच्या संगमरवराच्या कारखान्याची जागाही त्यात आली. आधी इथल्याच गॅलऱ्या उभ्या राहिल्या, दमास्कस आणि लाहोरहून आलेल्याही तगल्या. पॅरिसच्या पेरोतां गॅलरीने दुबईत जागा घेतली ती २०२२ मध्ये. म्हणजे आधी वस्ती, मग पाहुणा.

मुंबईत अशी जागा होती. लोअर परळच्या गिरण्यांच्या शेड्स, उंच छपरं, उत्तरेचा उजेड. त्यांतल्या चारसुद्धा कलेसाठी राखल्या गेल्या नाहीत, तिथे मॉल उभे राहिले. आठवलं की पोटात तुटतं.

खतावणी
माझा सरळ विरोध. परदेशी गॅलरी इथे आपले चित्रकार शोधायला नाही, स्वतःचे विकायला येईल. चित्रांवरचा जीएसटी २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्के झाला, श्रीमंत वर्ग वाढतोय, त्यांना गिऱ्हाईक दिसतंय. हुसेनांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ११८ कोटींना गेलं. १९५४ मध्ये ते एका डॉक्टरने नेलं आणि ओस्लोच्या रुग्णालयात ते अनेक दशकं लटकत होतं. विक्रीचा पैसा डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी जाणार, हे चांगलंच आहे. पण आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे. दहा हजारांवरच्या फेरविक्रीत चित्रकाराला किंवा वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. किती चित्रकारांनी तो मागितलाय? आधी त्यासाठी भांडू या.

कलाशिक्षिका, कोल्हापूर
आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्या गावची मी. गेल्या वर्षी अकरा मुलांना घेऊन कुलाब्यात आले होते. एका गॅलरीच्या दारात बेल, आत रखवालदार, पहिला प्रश्न "अपॉइंटमेंट आहे का?" प्रवेश फुकट असतो हे मला माहीत होतं, मुलांना नव्हतं. ती जिन्यातच थबकली. आत गेलो तर भिंतीवरचा मजकूर सगळा इंग्रजीत. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले आणि तासाभराने एक मुलगी एकाच चित्रासमोर मांडी घालून बसली, उठेचना.

गॅलरी परदेशी असो की गिरगावातली, माझ्या मुलांना तो जिना चढता आला पाहिजे. तुमच्या सगळ्यांच्या भांडणात हे कुठेच आलं नाही, याचं वाईट वाटलं.

रंगपेटी (ठाणे)
बाई, खरंच आलं नाही. मी विकल्या जाणाऱ्या चित्रांचा विचार केला, बघणाऱ्यांचा केला नाही.

गिरगावकर, बिऱ्हाडाचा मुद्दा मान्य. तरी माझं म्हणणं सोडत नाही: इथल्या निदान पाच-सहा चित्रकारांशी लांब मुदतीचा करार करत असेल आणि इथलाच माणूस प्रमुख नेमत असेल, तर परदेशी गॅलरी यावी. खतावणींनी सांगितलेल्या कलमावर वेगळा धागा काढतो.

आणि बाई, जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो. मुलांना आणा. मी आधी चार-पाच गॅलऱ्यांत जाऊन त्यांचा मजकूर घेतो आणि मराठीत उतरवून ठेवतो.

कलाशिक्षिका, कोल्हापूर
या वेळी सतरा आहेत. अक्षर जरा मोठं ठेवा, सातवीची मुलं आहेत.