घरात वड सांभाळलेल्यांनो, आपापले अनुभव लिहा

पन्हळीखालचा
वटपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मी मंडईत गेलो होतो. कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी वडाच्या डहाळ्यांचा ढीग पडला होता. प्रत्येकीला चार-पाच पाने होती, कापलेल्या टोकाशी चीक सुकून तपकिरी झाला होता आणि विकणाऱ्या मावशी ओल्या पोत्याने तो ढीग पुन्हा पुन्हा झाकत होत्या. ते पाहताना शुक्रवार पेठेतले आमचे जुने माळवदाचे घर डोळ्यांपुढे आले. तिथे पन्हळीशेजारच्या भेगेत दर पावसाळ्यात वडाचे रोप उगवत असे, आजोबा दिवाळीच्या साफसफाईत ते छाटत आणि पुढच्या आषाढात ते पुन्हा हजर होई. एका वर्षी मी ते मुळासकट उपटून तेलाच्या रिकाम्या डब्यात लावले आणि माजघराच्या खिडकीत ठेवले. आजीने पाहिले आणि म्हणाली, "बाळा, वडाला घरात घेऊ नये. आधी तो कोपरा मागतो, मग घर मागतो." दुसऱ्या दिवशी डबा अंगणात गेला. पुढे त्याचे काय झाले, ते मला कोणी सांगितले नाही.

चार वर्षांपूर्वी जुळे सोलापुरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरासाठी मी रोपवाटिकेतून एक झाड आणले. कुंडीवरच्या चिठ्ठीत 'ऑड्री' असे नाव होते. घरी आल्यावर एक देठ तुटला, पांढरा चीक आला, पानावरच्या फिकट शिरा नीट पाहिल्या, तेव्हा ध्यानात आले की हा तर आपलाच वड, फक्त परदेशी नाव लावून परत आलेला. पहिल्या महिन्यात त्याने सतरांपैकी अकरा पाने टाकली. एक पान पडले की मी घाबरून एक तांब्या पाणी घालत होतो, आणि पाणी घातले की आणखी एक पान पिवळे पडत होते. शेवटी कंटाळून त्याचा नाद सोडला आणि कुंडी पूर्वेच्या खिडकीजवळ आहे तिथेच राहू दिली. पाचव्या आठवड्यात शेंड्याला निरांजनातल्या फुलवातीसारखे एक लालसर टोक आले. त्यावरचे आवरण एका बाजूने उकलले, दोन दिवसांनी गळून फरशीवर पडले, आणि आत घट्ट गुंडाळलेले, मऊ लव असलेले कोवळे पान होते. आज झाड माझ्या खांद्याला लागते.

सोलापूरच्या उन्हात, सोलापूरच्या पाण्यावर, चार भिंतींच्या आत तुम्ही वड कसा सांभाळलात, किंवा कसा घालवलात, ते कृपया लिहा.

होटगीरोडकर
घालवलेल्यांमधला पहिला मी. आपण लिहिलेली चूक मीही केली. फरक इतकाच की मी थांबलो नाही. झाड उपटले तेव्हा मुळे काळी पडून बोटांनी कुस्करली जात होती आणि मातीला गटारासारखा वास येत होता. आता दुसरा वड आहे. तर्जनी दोन पेरे मातीत घालून पाहतो आणि कोरडी लागली तरच पाणी देतो. उन्हाळ्यात चौथ्या-पाचव्या दिवशी पाळी येते, थंडीत दहा-बारा दिवस निघतात. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे झाड मानवते, हे त्याचे उपकारच म्हणायचे.

कूलरशेजारची काकू
पन्हळीखालचे, तुमची आजी आणि माझ्या सासूबाई एकाच शाळेत शिकलेल्या दिसतात.

आमचा वड दिवाणखान्यात कूलरच्या बाजूला आहे. वारा थेट पानांवर येत नाही, पण ओलसर हवा त्याच्या अंगावरून जाते. दोन उन्हाळे काही झाले नाही. तिसऱ्या मे महिन्यात खोडावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, शेवयासारखे दोन तांबूस धागे लोंबताना दिसले. मला वाटले कीड लागली, म्हणून मी ते काढायला निघाले होते, नातवाने ओरडून थांबवले, "आजी, पारंबी आहे ती!" सोलापूरच्या कोरड्या हवेत घरातल्या झाडाला पारंबी सहसा फुटत नाही, हे नंतर कळले, आमच्याकडे ती कूलरच्या दमटपणामुळे फुटली असावी. कूलर बंद झाल्यावर एक धागा वाळून गेला. दुसऱ्याला नातवाने शहाळ्याबरोबर मिळालेली नळी उभी चिरून घातली, आत थोडे ओले नारळाचे तूस भरले आणि नळीचे टोक कुंडीच्या मातीत खोचले. दिवाळीपर्यंत पारंबी मातीत उतरली. आता ती पेन्सिलीएवढी जाड आहे. सासूबाई रोज तिला हात लावून बघतात आणि वर म्हणतात की मी तर आधीपासून सांगत होते.

सातरस्ता
आमच्याकडे वटपौर्णिमेला सौभाग्यवती याच कुंडीला सूत गुंडाळतात. जागा अडचणीची असल्याने प्रदक्षिणा घालता येत नाहीत, म्हणून कुंडीलाच सात वेळा फिरवण्यात येते. मी शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो. मला कोणी विचारत नाही.

पन्हळीखालचा
सातरस्ता, हसलो खरे, पण एका गोष्टीची काळजी घ्या. कुंडी एकदम उलट्या तोंडाने ठेवली गेली तर हे झाड रुसते. पंधरा दिवसांनी पाव वेढा, इतकेच फिरवावे. तेही झाड खिडकीकडे झुकू नये म्हणून.

सातरस्ता
म्हणजे सात फेऱ्या पूर्ण करून कुंडी मूळ जागी आणली तर हरकत नसावी. कळवतो घरी.

मागवाला
मी पूर्व भागातला आहे. घराच्या पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत आम्ही, अशी आमची वस्ती. आमच्या घरात तेलुगूत याला मर्री म्हणतात आणि शेजारचे कन्नड कुटुंब आलद मर म्हणते. झाड मात्र तिन्ही भाषांत सारखेच हट्टी आहे. आमची अडचण पाण्याची नाही, सुताची आहे. टॉवेल विणताना उडणारा बारीक तूस आठ दिवसांत पानांवर असा बसतो की हिरवे पान राखाडी दिसू लागते. वडाचे पान रुंद असल्याने त्यावर तूस जास्त धरतो, आणि पान झाकले गेले की खिडकीतून येणारा उजेड असून नसल्यासारखा. दर रविवारी मी एक हात पानाखाली धरतो आणि दुसऱ्या हाताने ओल्या टॉवेलने देठाकडून टोकाकडे पुसतो. टॉवेल अर्थात आमच्याच मागावरचा.

या पुसण्यामुळेच एकदा झाड वाचले. पानाच्या पाठीवर मधल्या शिरेला चिकटून मसुराच्या टरफलाएवढे तपकिरी ठिपके होते आणि खालची फरशी चिकट लागत होती. ती खवले कीड निघाली. नखाने खरवडून काढली, मग लिटरभर पाण्यात चहाचा चमचाभर निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारले. आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारावे लागले. एकदा फवारून सोडले असते तर पिल्ले राहिली असती.

बोअरचे पाणी
माझा अनुभव दुःखद आहे, तरी लिहितो, कारण ही चूक शहरात घरोघर होत असावी. पाणी वाया जाऊ नये म्हणून मी आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी बादलीत साठवून वडाला घालत होतो. आधीच आमचे पाणी बोअरचे, त्यातले क्षार यंत्र वेगळे काढते आणि तेच दाट झालेले पाणी मी झाडाला पाजत होतो. सहा महिन्यांत मातीवर पांढरी साय धरली, कुंडीच्या कडेला मिठासारखा थर आला आणि पानांच्या कडा करपल्या. मला वाटले खत कमी पडते आहे, म्हणून खत घातले. खत म्हणजे आणखी क्षार. झाड गेले.

आता एसीतून ठिबकणारे पाणी जमवतो. ते पावसाच्या पाण्यासारखे क्षारमुक्त असते. शिवाय दर दोन महिन्यांनी कुंडी न्हाणीघरात नेतो, नळाच्या गोड्या पाण्याने माती भरपूर धुतो आणि खालच्या भोकातून पाणी पूर्ण निथळल्यावरच परत ठेवतो.

कूलरशेजारची काकू
बोअरचे पाणी, वाईट वाटले हो. आमच्याकडे त्या बादलीने फरशी पुसतात, तुम्हीही तसेच करा.

उंबरठा
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. वड घरात ठेवणे अशुभ असते का? आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी रोज येता-जाता टोकतात.

अक्कलकोटचा पाहुणा
उंबरठाताई, इथून अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर. तिथे स्वामी समर्थांच्या ज्या मंदिरात आपण सारे जातो, त्याचे नावच वटवृक्ष मंदिर आहे. ज्या झाडाखाली माणसे रांगा लावून उभी राहतात ते झाड घरात आले की अशुभ होते, हे मला पटत नाही. मात्र जुन्या माणसांच्या म्हणण्यात काहीच नव्हते, असेही नाही. दगड-मातीच्या भिंतीत वडाचे मूळ शिरले की भिंत फुटते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. भीती भिंतीची होती, ती झाडाच्या माथी मारली गेली. वहिनींना एक पान भेट द्या, हे मी गमतीने म्हणत नाही.

वनस्पतीशास्त्रवाले सर
पन्हळीच्या भेगेविषयी दोन शब्द. पक्षी वडाची फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या फटीत किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडते. तिथे मूठभरही माती नसते. वडाचे बालपण अशा अडचणीत जाते, पुढे तो मुळे खाली सोडतो आणि मग पसरतो. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या महावटाचे मूळ खोड बुरशीमुळे १९२५ साली काढून टाकावे लागले, तरी केवळ पारंब्यांच्या आधारावर तो आजही विस्तारतो आहे. अशा झाडाला कुंडीतली अडचण नवी नाही. म्हणून त्याला फार मोठी कुंडी देऊ नये; मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओली राहते आणि मुळे कुजतात. जुन्या कुंडीपेक्षा चार बोटे रुंद, एवढी पुरे.

उंबरठा
सर, घरातल्या वडाला फळे येतील का?

वनस्पतीशास्त्रवाले सर
आशा धरू नये. झाड तेवढे मोठे होत नाही. शिवाय वडाची फुले फळाच्या आत दडलेली असतात आणि त्यांचे परागीभवन एक विशिष्ट बारीक गांधीलमाशीच करते. ती आपल्या दिवाणखान्यात येण्याची शक्यता नाही.

मोहोळची लेक
माझा वड मंडईतल्या डहाळीपासूनच झाला आहे. दोन वर्षांपूर्वी पूजा झाल्यावर डहाळी कचऱ्यात टाकवेना. ती बोटाएवढी जाड होती. खालची पाने काढली, वरची दोन ठेवली, तीही निम्मी कापली, चीक पाण्याने धुतला आणि वाळू-मातीत खोचून वरून प्लॅस्टिकची पिशवी घातली. पाच डहाळ्यांपैकी एकच जगली. कोवळ्या, पेन्सिलीसारख्या बारीक डहाळ्या सगळ्या कुजल्या. चिकाविषयी सांगते, तो हाताला लागून मला पुरळ आले होते आणि साडीवरचा डाग अजून आहे, तेव्हा हातमोजे घाला. घरात मांजर असेल तर पाने तिच्या तोंडी लागू देऊ नका.

होटगीरोडकर
आमच्या मांजराने एक पान चावले, लाळ गाळत फिरले आणि त्यानंतर त्या कुंडीकडे पाठ करून बसते.

थाळीतले झाड
मी वडाचे बोन्साय करतो. आमचे तळमजल्यावरचे घर. एकदा कुंडी ताटलीशिवाय थेट जमिनीवर ठेवली आणि वर्षभर हलवली नाही. उचलायला गेलो तर उचलेना. भोकातून निघालेले मूळ दोन शहाबादी फरशांच्या सांध्यात शिरून पार पलीकडच्या मोरीपर्यंत पोहोचले होते. पाणी कुठे आहे हे त्याला आमच्या प्लंबरपेक्षा आधी समजले. तेव्हापासून कुंडीखाली ताटली, ताटलीत खडे, आणि दोन वर्षांनी पावसाळ्याच्या तोंडाशी झाड काढून बाहेरची तिसरा हिस्सा मुळे कापणे, हा नेम आहे. जूनमध्ये कापलेले महिन्याभरात सावरते. हेच काम एकदा डिसेंबरात केले आणि फेब्रुवारीपर्यंत उघडे खोड बघत बसलो.

पन्हळीखालचा
थाळीतले झाड, तुमची मोरीची हकिगत आजीला फार आवडली असती.

उंबरठा
वहिनींना पान दिले. त्यांनी ते देवघरात ठेवले आणि आता रोप मागत आहेत. सध्या आमच्याकडे रंगकाम काढायचे आहे. वड आठ दिवस गच्चीवर नेऊन ठेवला तर चालेल का?

पन्हळीखालचा
मुळीच नेऊ नका. घरातल्या उजेडाला सरावलेले पान गच्चीवरच्या उन्हात एका दुपारीत भाजते, आणि परत आणल्यावर उरलेलीही गळतात. गेल्या दिवाळीला मी रंगाऱ्याला सांगितले की या भिंतीला मी सांगेन तेव्हा हात लाव. मग झाडावर जुने धोतर टाकले, कुंडी हातभर पुढे ओढली आणि जेवढे दिसते तेवढेच रंगवून घेतले. सगळे घर आता पांढरे आहे. वडाच्या मागे खिडकीपर्यंतचा पट्टा मात्र जुन्याच पोपटी रंगाचा राहिला आहे.

कूलरशेजारची काकू
फोटो टाका.