सक्ती फक्त सरकारचीच?

"बाजारात सगळं राजीखुशीचं, सक्ती फक्त सरकारची" हे बाजारवाल्यांचं म्हणणं, दादा, आमच्या बेळगाव-खानापूरकडे पचायला जड जातं. कर्नाटकात जमीन सुधारणा कायद्याच्या १९७४ च्या दुरुस्तीने कुळं जमिनीची मालक झाली. जमीनदारांवर जबरदस्ती होती, मान्य. पण त्यांच्या इनामी जमिनीचा हक्क तरी कुठल्या बाजारात ठरला होता? सनद राजाची, वसुली शिपायाची! अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकसारखा पक्का लिबर्टेरियनही (सरकारने कमीत कमी ढवळाढवळ करावी म्हणणारा) म्हणतो, मालमत्ता मुळात अन्यायाने मिळवलेली असेल तर त्या अन्यायाची दुरुस्ती हवी. नोझिकचा हा मुद्दा आपले बाजारवाले सोयीने गाळतात.

समाजवाद्यांनी मात्र लगेच टाळ्या पिटू नयेत. त्याच कायद्यात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायला बंदी होती, ती २०२० मध्ये उठली. गिऱ्हाईकं कमी की भाव पडतो. मुलीच्या लग्नापायी एकर विकणाऱ्याने तो भुर्दंड सोसला. त्याला सक्ती का म्हणायचं नाही?